पन्नासच्या वेगाला जीपचं स्टिअरिंग थरथरतं, दुरुस्त केलं तरी परत येतं: कुठून बघायचं

लक्षण आधी सांगतो, म्हणजे आपण एकाच दुखण्याबद्दल बोलतोय का ते कळेल. जुनी पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) जीप, पुढे सलग ॲक्सल. चाळीसपर्यंत गाडी सरळ चालते. पंचेचाळीस-पन्नासला असताना पुलाच्या सांध्यावरून किंवा छोट्याशा खड्ड्यातून एक चाक गेलं की स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटके मारायला लागतं. सेकंदाभरात झटके इतके वाढतात की पुढची दोन्ही चाकं, मडगार्ड, बॉनेट सगळंच नाचतं, आणि वेग तिशीच्या खाली येईपर्यंत काही केल्या थांबत नाही. मग गाडी पुन्हा पहिल्यासारखी सरळ. गॅरेजमध्ये याला व्हॉबलिंग म्हणतात, कुणी शिमी म्हणतं.

ठरावीक वेगाला नुसता बारीक कंप येत असेल आणि तो वाढत नसेल, तर बहुतेक चाकांचं बॅलन्सिंग बघायचं. ब्रेक दाबल्यावरच हादरे बसत असतील तर ड्रम बघायचे. आणि गाडी नुसतीच एका बाजूला ओढत असेल तर तो विषय पूर्ण वेगळा. मी लिहितोय ते धक्का लागल्यावर सुरू होणाऱ्या आणि स्वतःच स्वतःला वाढवणाऱ्या थरथरीबद्दल.

ती सुरू झाली की जोरात ब्रेक दाबू नका. वजन पुढच्या चाकांवर येतं आणि झटके वाढतात. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा पण झटक्यांच्या उलट ओढत बसू नका, आणि अंगठे आऱ्यांच्या आत अडकवू नका. मागचं वाहन बघून गाडी हळूहळू कडेला घ्या. शेजारी बसणाऱ्यालाही हे आधी सांगून ठेवा. माझ्या गाडीला पहिल्यांदा असं झालं तेव्हा वडील शेजारी होते. घाबरून त्यांनी स्टिअरिंगला हात घातला आणि गाडी समोरून येणाऱ्या एसटीच्या बाजूला गेली. थोडक्यात वाचलो. तेव्हापासून हा विषय मी सोडलेला नाही.

गाडी १९७९ ची महिंद्रा, सीजे-३बी बॉडीची, उंच बॉनेटवाली. ते बॉनेट उंच का, हे बरेच जण विचारतात. जीप बनवणाऱ्या विलिस या अमेरिकन कंपनीने १९५३ साली या गाडीत जे इंजिन घातलं त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये होते. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही वर उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल साठच्या दशकातच बंद झालं, पण आपल्याकडे महिंद्राने तीच बॉडी पुढे कितीतरी वर्षं चालवली. माझी गाडी कराड-ढेबेवाडी लाइनला वडाप म्हणून, म्हणजे शेअर प्रवासी गाडी म्हणून राबलेली. पंधरा-पंधरा माणसं, वर टपावर पोती, त्यातली चार माणसं मागच्या फळीवर लटकलेली. अशा गाडीचा पुढचा ॲक्सल काय अवस्थेत असेल, ते ती घेताना माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी इंजिन बघितलं, चेसी बघितली, गंज बघितला. नकल, म्हणजे ॲक्सलच्या टोकाचा चाकाबरोबर वळणारा भाग, तो उघडून बघितला नाही.

पहिल्यांदा थरथर आली तेव्हा एका गॅरेजमध्ये गेलो. चाकं बॅलन्स केली, अलाइनमेंट केली. दोन महिने छान गेले. मग पाटण रस्त्यावर परत तेच. दुसऱ्यांदा चारही टाय रॉड एंड, म्हणजे चाकांना एकत्र वळवणाऱ्या दांड्यांची टोकं, नवीन घातली. पाच महिने निघाले. तिसऱ्यांदा दुसऱ्या एका गॅरेजने स्टिअरिंग डँपर (झटके शोषणारी तेलाची नळी) बसवून दिला आणि सांगितलं, आता आयुष्यभर विसरा. वर्षभर खरोखर विसरलो. मग डँपरच्या सीलमधून तेल आलं, आणि एका सकाळी तीच थरथर आधीपेक्षा जास्त जोरात आली. चौथ्यांदा किंग पिनची (नकल ज्या खिळीवर वळतो तिची) बेअरिंगं बदलली, म्हणजे बदलून घेतली, आणि थरथर तीन महिन्यांतच परत आली. तेव्हा ठरवलं की आता गाडी कुणाकडे द्यायची नाही, हे होतं कशामुळे ते आधी समजून घ्यायचं.

दवाखान्यातली स्ट्रेचरची ट्रॉली जोरात ढकलली की तिचं एखादं छोटं चाक फडफड करतं, ते बघितलं असेल. तेच आपल्या पुढच्या चाकांचं होतं, फक्त इथे दोन चाकं टाय रॉडने एकमेकांना बांधलेली आहेत आणि एका सलग ॲक्सलच्या दोन टोकांना आहेत. सायकलचं चाक काढून आसाला दोन्ही बाजूंनी धरा, कुणाला तरी जोरात फिरवायला सांगा, आणि मग ते तिरकं करून बघा. चाक तुमच्या हाताला पिळून वळवतं. जीपचं एक चाक खड्ड्यातून वर उचललं की अख्खा ॲक्सल तिरका होतो, म्हणजे दोन्ही फिरती चाकं तिरकी होतात आणि दोन्ही वळायला बघतात. वळली की टायर त्यांना सरळ आणतो, ती सरळच्या पलीकडे जातात, परत उलटी वळतात. हा एक झोका आहे. प्रत्येक झोक्याची आपली एक लय असते, आणि त्या लयीत धक्का बसत राहिला तर लहान मूलही मोठ्या माणसाचा झोका उंच नेतं.

आता वेगाचा हिशोब करा. ६.००-१६ च्या टायरचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. पन्नासच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, म्हणजे चाकाचे सेकंदाला सहा फेरे. रिमच्या कडेला साठ ग्रॅमचा असमतोल असेल, आत वाळलेला चिखल असला तरी तेवढा होतो, तर तो त्या वेगाला दोन किलोच्या आसपासचा धक्का सेकंदाला सहा वेळा देतो. झोक्याची लयही याच्याच आसपास. म्हणून थरथर पंचेचाळीस ते पंचावन्नच्या पट्ट्यातच पकडते.

म्हणजे दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. एक, धक्का देणारं काय आहे. दोन, झोका थांबवणारं काय आहे आणि ते काम करतंय का. बॅलन्सिंग केलं, टायर बदलले, की धक्का कमी होतो. पण झोका मोकळाच राहिला तर पुढच्या खड्ड्यापर्यंतच आराम. डँपर लावला तर बाहेरून एक हात झोक्यावर ठेवल्यासारखं आहे. त्यातलं तेल गेलं की हात गेला, आणि दरम्यान आतले सांधे आणखी झिजलेले असतात. माझ्या गाडीचं चार वेळा नेमकं हेच झालं होतं.

तपासणी मी आता ज्या क्रमाने करतो तो सांगतो. पैसे लागत नाहीत ते आधी.

पुढची आणि मागची चाकं आपसात बदला आणि त्याच रस्त्यावर चालवून बघा. थरथर गेली किंवा वेग बदलला तर टायर-रिममध्ये काहीतरी आहे. वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला खालून चपटेपणा येतो, तो बॅलन्सिंगने जात नाही. रिम वाकडी आहे का बघायला चाक जॅकवर घ्या, विटेवर एक तार टेकवून तिचं टोक रिमच्या कडेजवळ आणा आणि चाक हाताने फिरवा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आत-बाहेर जात असेल तर ती रिम पुढे लावू नका. हवा मी पुढे २६ ठेवतो, कमी हवेत टायर लिबलिबीत होतो आणि थरथर लवकर पकडते. एक इशारा: या जुन्या गाड्यांत पुष्कळदा डाव्या बाजूच्या चाकाच्या नटांना उलटे आटे असतात. पाइप लावून जोर करण्याआधी आटे बघा. माझ्या गाडीचे दोन स्टड आधीच्या कुणीतरी असेच तोडले होते.

मग गाडी जमिनीवरच ठेवा, इंजिन बंद. एका माणसाला आत बसवून स्टिअरिंग सरळ स्थितीच्या दोन्ही बाजूंना तीन-चार इंच हलवत राहायला सांगा. तुम्ही खाली झोपा आणि प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवून बघा. डोळ्यांना दिसणार नाही असा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बोटांना लागतो. स्टिअरिंग बॉक्सचे चेसीवरचे बोल्ट सैल आहेत का, आणि त्यांच्या आजूबाजूच्या पत्र्याला तडा गेलाय का, हे इथे नीट बघा. टॉर्च लावून, ग्रीस पुसून बघा. तडा असेल तर बाकी सगळं थांबवून आधी वेल्डिंग, कारण बॉक्सच चेसीवर हलत असेल तर पुढची सगळी मोजमापं वाया जातात. ज्या गाड्यांना मध्ये बेल क्रँक (जोराची दिशा बदलणारा लिव्हर) आहे त्यांनी तिची पिन आणि बुश बघायची. ती वर-खाली हलता कामा नये.

ड्रॅग लिंक म्हणजे स्टिअरिंग बॉक्सपासून ॲक्सलकडे जोर नेणारा दांडा. तिच्या टोकांत बॉलच्या दोन्ही बाजूंना वाट्या आणि आत स्प्रिंग असते. बरेच फिटर टोकाचा स्क्रू पूर्ण आवळून स्प्लिट पिन मारतात. तसं करायचं नसतं. ॲक्सलकडच्या टोकाचा स्क्रू बॉलला घट्ट टेकेपर्यंत आवळायचा आणि अर्धा फेरा मागे घ्यायचा. स्टिअरिंग बॉक्सकडच्या टोकाचा एक पूर्ण फेरा मागे. स्प्रिंगला थोडी जागा लागते, तिथेच रस्त्याचे धक्के जिरतात.

हब बेअरिंगसाठी चाक जॅकवर, एक हात वर, एक हात खाली, आणि हलवून बघायचं. खडखड लागली तर ती हबची की किंग पिनची हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगणं. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर हब, राहिली तर किंग पिन. हबचा नट चाक अडेपर्यंत आवळून मग साधारण एक षष्ठांश फेरा मागे सोडायचा, आणि लॉक वॉशर वाकवायला विसरायचं नाही.

पाट्यांचे यू बोल्ट, सेंटर बोल्ट, शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी झुलती कडी) आणि बुश एका फेरीत बघून होतात. यात बारकावे फार नाहीत: हललं की बदला, सैल असेल तर आवळा.

आता किंग पिन. मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवला, आणि माझ्या गाडीत दोष इथेच निघाला.

या ॲक्सलला टोकाला एक गोल वाटी असते आणि तिच्यावर नकल बसतो. नकलच्या वर एक आणि खाली एक टेपर रोलर बेअरिंग. वरच्या कॅपखाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या असतात (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग): ३ थाऊ, ५ थाऊ, १० थाऊ आणि ३० थाऊचे. शिम काढला की कॅप आत जाते आणि बेअरिंगवरचा दाब वाढतो, शिम घातला की कमी होतो. बहुतेक सगळ्यांची समजूत अशी असते, माझीही होती, की शिम फक्त प्ले काढायला असतात. चाक हलवून बघायचं, खडखड नाही ना, झालं. पण विलिसच्या मॅन्युअलमध्ये प्ले नसण्याबद्दल नव्हे, नकल फिरवायला किती जोर लागला पाहिजे याबद्दल आकडा दिलाय. ऑइल सील काढून, टाय रॉड सोडवून, नकलच्या आर्मच्या (टाय रॉड जिथे जोडतात त्या दांड्याच्या) भोकात स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचं, आणि नकल सरकायला लागताना काट्यावर १२ ते १६ पौंड, म्हणजे साधारण ५.४ ते ७.३ किलो दिसले पाहिजेत.

एवढा जोर कशाला? कारण हा दाबच झोका थांबवतो. नकल किंचित जड फिरला पाहिजे, म्हणजे प्रत्येक झटक्यातली थोडी ताकद तिथे घासून जिरते. प्ले शून्य आणि दाबही शून्य, अशी अवस्था असू शकते. हाताने हलवून बघितलं तर ती अगदी निरोगी वाटते, आणि पन्नासला थरथरते. लँड रोव्हरच्या जुन्या सीरीज गाड्यांतही स्विव्हल पिन याच पद्धतीने काट्याने ओढून तपासतात. तिथे वर रोलर बेअरिंगऐवजी घर्षण देणारा बुशच घातलेला असतो. टोयोटाच्या जुन्या लँड क्रूझरमध्येही शिम आणि काटा. आपल्या गल्लीत मात्र काटा कुणाकडे नसतो, आणि बेअरिंग बदललं की काम झालं असं धरलं जातं.

मी बॅग तोलायचा हुकाचा डिजिटल काटा वापरला. रद्दीवाल्याकडचा स्प्रिंगचा काटाही चालतो, फक्त वीस किलोच्या आतला घ्या, मोठ्या काट्यावर लहान आकडे कळत नाहीत.

पुढचा ॲक्सल जॅकने उचलून दोन्ही बाजूंना पक्के स्टँड द्या, मागच्या चाकांना दगड लावा. चाकं काढा. टाय रॉड एंड सोडवताना आट्यांवर हातोडा मारू नका. नट सैल करून ठेवा आणि आर्मच्या डोळ्याला बाजूने एक जोरदार ठोका द्या, टेपर सुटतो. ब्रेकची नळी ताणली जात नाही ना ते बघा. मग आतल्या बाजूचं सील धरणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट काढून सील मागे सरकवा. ते सील रबर आणि फेल्टचं असतं आणि आवळलेलं असलं की एकटंच एक-दोन किलोचा जोर खातं, त्यामुळे ते न काढता मोजलं तर आकडा खोटा येतो. हुक आर्मच्या भोकात घाला आणि आर्मशी काटकोनात, हळू, न थांबता ओढा. दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा.

माझ्या गाडीचे आकडे: डावीकडे १.१ किलो, उजवीकडे २.४. आणि हाताने हलवून बघितलं तर दोन्हीकडे काहीच प्ले नव्हता.

वरची कॅप उघडल्यावर कारण दिसलं. बेअरिंग नवीन होतं, पण ज्या कपमध्ये ते बसतं तो जुनाच. त्यात सरळ स्थितीच्या जागी रोलरच्या आकाराच्या बारीक खळ्या पडलेल्या. वर्षानुवर्षं वडापची गाडी सरळ रस्त्यावर हादरे खात गेली की रोलर एकाच जागी ठोकत राहतात, त्या खळ्या. नकल हळू फिरवताना मध्यावर एक हलकीशी खाच लागते, ती हीच. शिवाय गळती थांबवायला कुणीतरी कॅपखाली शिमच्या जोडीला सिलिकॉनचा जाड थर दिला होता. त्या थराने कॅप उचलली गेली होती, म्हणजे जणू जास्तीचे शिमच. नवीन बेअरिंग घातलं तेव्हा जुन्या शिमची गठ्ठी तशीच परत लावली, वर सिलिकॉन, आणि मोजलं कुणीच नाही. ज्याने केलं त्याच्यावर मी आता रागावत नाही. त्याने बेअरिंग स्वच्छ बसवलं होतं, ग्रीस भरपूर दिलं होतं. एक काटा लावायचा राहून गेला.

कप बदलणं हे चिकाटीचं काम आहे. जुना कप बाहेर काढायला पितळेचा दांडा घ्या आणि थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला असं ठोकत जा. नवीन कप तिरका बसवू नका. जुन्याच कपला बाजूने ग्राइंडरने एक चिरा देऊन तो वरून ठेवला की नवीन कप आत ढकलायला छान जमतो आणि काम झाल्यावर सहज निघतो. या जुन्या विलिस घराण्याच्या ॲक्सलला ११५९० नंबरचं बेअरिंग आणि ११५२० चा कप लागतो, पण दुकानात जाताना जुनं सोबत न्या आणि नंबर वाचून घ्या, कारण अशा गाड्यांत आधीच्या मालकाने ॲक्सल बदललेला असणं अगदी सर्रास आहे. मी पुण्यात नाना पेठेतून घेतलं. बेअरिंगचं डबडं बघून नव्हे, बेअरिंगवरचा नंबर बघून घ्या. कप आणि बेअरिंग नेहमी जोडीनेच, वर आणि खाली दोन्ही, दोन्ही चाकांना.

नवीन सगळं बसवून, कॅपची आणि नकलची टेकणारी जागा ब्लेडने घासून कोरडी केली, सिलिकॉन अजिबात नाही. जुनी गठ्ठी तशीच लावून मोजलं: डावीकडे ३.२ किलो. पाच थाऊचा एक शिम काढला, ५.१. आणखी तीन थाऊचा काढला, ६.४. तिथे थांबलो. उजवीकडे पाच थाऊचा एकच काढून ६.२ आले. म्हणजे दोन्ही बाजूंचे शिम वेगळे निघू शकतात, सारखे ठेवायचा हट्ट धरायचा नाही. आकडे सारखे हवेत. प्रत्येक वेळी कॅपचे चारही बोल्ट पूर्ण आवळून मगच मोजायचं, आणि आवळल्यावर नकल आठ-दहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून रोलर बसू द्यायचे. उलट्या बाजूची चूकही होते: दहा-बारा किलोपर्यंत आवळलं तर वळणावरून स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, गाडी रस्त्यावर भटकते आणि बेअरिंग लवकर संपतं.

किंग पिन नीट झाल्यावर टो-इन आणि कॅस्टर बघायचे, आधी नाही.

टो-इन, म्हणजे चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते, घरी मोजता येतं. दोन्ही पुढचे टायर जॅकवर फिरवत मधोमध खडूची रेघ मारा, त्या रेघेवर खिळ्याने बारीक ओरखडा काढा, गाडी खाली ठेवा, दहा फूट पुढे ढकला. मग ॲक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून दोन ओरखड्यांमधलं अंतर टेपने मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा साधारण १ ते २.५ मिलिमीटर कमी हवं. टाय रॉड फिरवून आणायचं आणि क्लॅम्प आवळायचे.

कॅस्टर म्हणजे किंग पिन वरच्या टोकाला किती मागे झुकलेली आहे. या गाड्यांना तीन अंश लागतात. नकलच्या खालच्या कॅपच्या सपाट तोंडावर मोबाइलमधलं लेव्हल लावलं तरी अर्ध्या अंशापर्यंत कळतं, फक्त गाडी सपाट जमिनीवर हवी. आमच्याकडे सध्या जीप उंच करायची हौस जोरात आहे, आणि थरथरीच्या निम्म्या तक्रारी मला त्याच गाड्यांच्या ऐकू येतात. लांब शॅकल लावले की पाटा कोनात फिरतो आणि ॲक्सलही फिरतो. शॅकल पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टर कमी होतो, कधी शून्यावर येतो. पाटे ॲक्सलच्या वर नेले की ड्रॅग लिंक तिरकी होते आणि प्रत्येक खड्ड्यात चाकाला वळवते. उंच गाडी मलाही आवडते, पण उंची वाढवायची तर पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये लोखंडी पाचर घालून कॅस्टर परत आणायलाच हवा. ती पाचर कुठल्या तोंडाने घालायची ते अंदाजाने ठरवू नका, घालून मोजा, उलटी पडली असेल तर फिरवा. ॲल्युमिनियमची पाचर दबते आणि यू बोल्ट सैल होतात, ती घेऊ नका.

कॅस्टर वाढवला की थरथर जाते असं काही जण सांगतात. थोडा कमी असेल तर तीनपर्यंत आणण्याने गाडी सरळ चालते हे खरं. पण सहा-सात अंशांपर्यंत नेला तर चाक सरळ येण्याची ओढ इतकी वाढते की झोका उलट जोरात बसतो. एकाने तसं केलं होतं, चाळीसलाच गाडी नाचायला लागली.

स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू शेवटी. प्ले दिसला की सगळे आधी तोच आवळतात. चाकं अगदी सरळ असताना किंचित जड लागेल एवढाच आवळायचा, कारण बॉक्सची झीज मध्यावर जास्त असते. टोकाला वळवल्यावर आवळला तर मध्यावरचा अंदाज चुकतो, आणि जास्त आवळला तर आतला कॅम चावला जातो.

आणि डँपर? मी तो पुन्हा लावलाय, पण सगळं झाल्यावर, आणि आधी त्याच्याशिवाय गाडी चालवून. डँपर काढून ज्या गाडीला पन्नासला पुलाच्या सांध्यावरून नेता येत नाही त्या गाडीला डँपर लावू नका. आधी दोष काढा. घरच्या माणसांना घेऊन त्या गाडीत बसायचं असतं.

डँपर न लावता मी कोयनानगरपर्यंत जाऊन आलो. पाटणच्या अलीकडे ज्या सांध्यावर दर वेळी पकडायची तिथून पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न असा तीन वेळा गेलो. स्टिअरिंगला एक झटका बसला आणि तिथेच विरला. वडील या वेळीही शेजारी होते. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

पाचशे किलोमीटरवर परत उघडलं. नवीन कप आणि रोलर एकमेकांत बसले की दाब थोडा उतरतो, म्हणून ही दुसरी मोजणी चुकवू नका. डावीकडचे ६.४ चे ५.२ झाले होते, तिथला आणखी एक तीन थाऊचा शिम काढून ६.३ वर आणले. उजवीकडे ५.९ होते, तसेच ठेवले. यू बोल्ट एका बाजूला अर्धा फेरा आले. त्याला आता दोन पावसाळे झाले, दर पावसाळ्यानंतर काटा लावतो. आकडे मडगार्डच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवलेत.

तुमच्या गाडीला हे सगळं करूनही थरथर राहिली तर मला विचारताना एवढं सांगा: गाडी कुठली, टायर कुठला आणि किती जुना, कुठल्या वेगाला पकडते आणि कुठे सोडते, सील काढून दोन्ही नकलचे किलो किती, टो-इन किती मिलिमीटर, कॅस्टर किती अंश, आणि गाडी उंच केलेली आहे का. बेअरिंग बदललं असेल तर कपही बदलला का तेवढं आवर्जून लिहा.